अभ्यागत म्हणजे पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे, माणसं मोजायचा, आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळुवार सांगावी, अधूनमधून उसासा टाकावा, अशी रीत आहे म्हणे. मला ते जमणार नाही. सांगायला लागलो की माझी आतली चाकं खरखरतात, त्याला माझा इलाज नाही.

मी पोलादी आहे, गोल आहे आणि मुठीत मावतो. वर एक खटका आणि समोर चार बारीक खिडक्या. खटका एकदा दाबला की उजवीकडचा आकडा एकाने पुढे सरकतो. बाजूला एक चकती आहे, ती फिरवली की सगळं पुन्हा शून्य. एवढंच माझं शिक्षण. मला बेरीज येत नाही, आणि मनाने एकही आकडा पुढे ढकलता येत नाही. कुणी अंगठा ठेवला तरच मी बोलतो. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे माझ्या नावावर बरंच काही खपवलं गेलं आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तयार झालेला प्रत्येक काउंटर ती शंभर वेळा दाबून बघायची. त्या कामाने तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. शंभर दाबल्यावर नव्याण्णव दाखवणारा काउंटर मोडीच्या डब्यात जायचा. मी शंभरच दाखवले. ती शेजारणीला म्हणाली की हा काही खोटं बोलायचा नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. खोटं न बोलणाऱ्याकडूनही खोटं वदवून घेता येतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

पालिकेने मला विकत घेतलं आणि पोहण्याच्या तलावाच्या दारावर पाठवलं. तिथला दरवान अंगाने काडी होता, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणत. त्याच्या उजव्या हातात मी, डाव्या हातात माझा जोडीदार. मी आत जाणारी मुलं मोजायचो आणि जोडीदार बाहेर येणारी. संध्याकाळी दोन्ही आकडे जुळले की पहिलवान कुलूप घालायचा. एकदा एकाचा फरक आला. पहिलवानाने तोंडातला चहाचा घोट टाकून दिला आणि चप्पल न घालता तलावाभोवती धावला. शेवटी कपडे बदलायच्या खोलीत बाकाखाली एक लहान मुलगी गाढ झोपलेली सापडली. पहिलवान तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. मोजणं कशासाठी असतं ते मी त्या दिवशी शिकलो. कुणी मागे राहिलं नाही ना, हे बघायला मोजायचं असतं.

मग तलावाच्या दाराला फिरता लोखंडी अडसर बसवला. तो स्वतःच मोजतो म्हणे. पहिलवान निवृत्त झाला, जोडीदार कुठे हरवला देव जाणे, आणि मी पालिकेच्या कचेरीतल्या एका खणात पडलो. टाचण्या, सुकलेले शिक्के आणि एक तुटका चष्मा यांच्या संगतीत मी सहा वर्षं काढली. तक्रार नाही. खणात पडून राहिलेल्या वस्तूच्या हातून निदान कुणाचं वाईट तरी होत नाही.

एके दिवशी खण उघडला तो एका साहेबांनी. हे समाजसेवा विभागाचे निरीक्षक. त्यांना, पुढे ज्या भेटतील त्या काकूंनी रकानेसाहेब असं नाव ठेवलं, कारण त्यांच्या तोंडी कायम रकाने असायचे, हा रकाना भरा, तो रकाना रिकामा नको. त्यांनी मला फुंकर मारली, खिशात टाकलं आणि ज्येष्ठांच्या दिवस केंद्रात आणून दिलं.

केंद्र म्हणजे टपाल कचेरीच्या मागचा तळमजल्यावरचा एक हॉल. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच. ज्यांची मुलं-सुना दिवसभर कामावर जातात आणि ज्यांना घरी एकटं ठेवण्याची सोय नाही, अशी म्हातारी माणसं तिथे यायची. एकेचाळीस जण होते. केंद्र चालवायच्या काकू, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आवाज चढा, हात मऊ. कुणाची गोळी किती वाजता, कुणाची नखं कापायची झाली, कुणाच्या पायाची जखम अजून ओली आहे, कुणी सुनेशी भांडून न जेवता आलंय, सगळं त्यांना तोंडपाठ. उशिरा आलेल्याला त्या दारातच झापायच्या, आणि मग त्याच्यासाठी झाकून ठेवलेला चहा पुढे करायच्या.

त्या एकेचाळिसांत एक पेंटरआजोबा होते. या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. आता त्यांच्या डोक्यातून बरंचसं पुसलं गेलं होतं. वार कळत नव्हता, लेकीचं नाव आठवत नव्हतं. लेक जवळच्या बेकरीत पाव भरायच्या कामाला होती. घरात ही दोघंच. तिचा पगार थांबला तर चूल थांबणार, आणि ती घरी नसताना आजोबांना एकटं सोडलं तर ते गॅस उघडा टाकणार नाहीतर रस्त्याला लागणार. चार वर्षं ती त्यांना रोज नऊच्या आधी केंद्राच्या दारात सोडायची आणि बेकरीकडे पळत सुटायची. आजोबांच्या डोक्याने सगळं सोडलं, पण पायांनी ती वाट सोडली नव्हती. वळणावर लेकीच्याही आधी ते वळायचे.

तर रकानेसाहेबांनी मला टेबलावर ठेवलं, सोबत फॉर्मांचा गठ्ठा ठेवला आणि सांगितलं की पालिका आता आकडे बघून पैसे देणार आहे, रोज मोजायचं, आठवड्याला सही करून पाठवायचं. काकूंना काही विचारायचं होतं, पण तोवर साहेबांनी स्कूटरला किक मारली होती.

काकूंनी चष्मा लावून फॉर्म वाचला. वरच लिहिलं होतं, दैनिक अभ्यागत संख्या. मित्रांनो, सगळं रामायण या एका शब्दाने घडवलं. कचेरीतल्या भाषेत अभ्यागत म्हणजे दारातून आत येईल तो प्रत्येक माणूस. पण काकू कचेरीत वाढल्या नव्हत्या. त्यांना लहानपणापासून माहीत असलेला अर्थ एकच, अभ्यागत म्हणजे पाहुणा. आणि रोज येणारा माणूस पाहुणा कसा असेल? त्या पेंटरआजोबांना हाताला धरून खुर्चीवर बसवत म्हणाल्या, "हे का पाहुणे आहेत? घरची माणसं कोण मोजतं?"

झालं. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर, खटक. पत्ता विचारायला डोकावलेली बाई, खटक. कुणाची तरी परगावची बहीण भेटायला आली, खटक. आणि रोजची एकेचाळीस माणसं माझ्या समोरून काठी टेकत, खोकत, एकमेकांची थट्टा करत आत जायची, आणि मी खिळ्याला लटकून गप्प. दिवसाचा आकडा कधी तीन, कधी पाच. काकू तो ठळक अक्षरात फॉर्मवर लिहायच्या आणि खाली झोकात सही करायच्या. वर्षभर हेच चाललं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मला आवाज एकच, आणि तोही दुसऱ्याच्या अंगठ्यात.

काकूंवरही माझा राग आहे. विचारायचं होतं ना! पण त्यांच्यापेक्षा दसपट राग मला रकानेसाहेबांवर आहे. कारण वर्ष संपताना ते तपासणीला आले होते. सकाळी साडेदहाची वेळ. हॉल इतका भरलेला की साहेबांना बसायला खुर्ची मिळाली नाही. दोन आजोबा उठायला लागले तर साहेब नको नको म्हणाले, आणि खिडकीशी उभ्या उभ्या चहा प्यायले. एका आजीने त्यांना त्यांच्या आईचं वय विचारलं, त्यांनी सांगितलं. मग त्यांनी फॉर्म चाळले आणि आपल्या वहीत लिहिलं, सरासरी अभ्यागत चार. कप त्या गर्दीतच परत दिला आणि निघून गेले. डोळ्यांनी बघितलं एकेचाळीस आणि हाताने लिहिलं चार. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा, माझ्या तोंडी चांगला शब्द येत नाही.

पुढच्या महिन्यात पालिकेची सभा भरली. त्या वर्षी पैसे कमी होते आणि मागण्या तीन होत्या. वस्त्यांमधून फिरणारी दवाखान्याची गाडी, शाळांसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारे मदतनीस, आणि आमचं केंद्र. पैसे दोनच मागण्यांपुरते. काकू मला पदराला बांधून घेऊन गेल्या, पुरावा म्हणून. बेकरीतली लेकही अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्या शेजारी येऊन बसली.

आमच्या आधीचा विषय सभागृहातल्या नव्या खुर्च्यांचा होता. जुन्या खुर्च्यांनी सदस्यांची पाठ दुखते. कुणी विचारलं नाही की खुर्चीत दिवसाला किती माणसं बसतात. कुणी सरासरी मागितली नाही. अध्यक्षबाईंनी मंजूर का विचारलं, सगळे मंजूर म्हणाले, आणि शिपायाने पाण्याचे पेले भरून होईतो विषय संपलासुद्धा. मग आमच्या तीन मागण्या काढल्या आणि तिथे दोन तास कीस पाडला. दवाखान्याच्या गाडीची डॉक्टरीण आणि रस्त्यावरच्या मदतनिसांची म्होरकी आमच्याच बाकावर बसल्या होत्या. तिघी एकमेकींकडे बघायच्या आणि नजर खाली घालायच्या. एकीचं वाचावं तर दुसरीचं जावं. भुकेल्यांची ताटं एका रांगेत मांडायची आणि कुठलं उचलू म्हणून त्यांनाच विचारायचं, असली ती सभा.

एक दाढीवाले नगरसेवक उठले. ते वाईट माणूस नव्हते, खरंच विचार करून बोलत होते. म्हणाले, गाडीत दिवसाला साठ रोगी, रस्त्यावर दिवसाला तीनशे मुलं, आणि या हॉलमध्ये चार माणसं. चार माणसांसाठी एक हॉल, एक पगार, वीज, पाणी. लोकांना काय तोंड दाखवायचं?

काकूंना तीन मिनिटं मिळाली. त्यांनी पदराची गाठ सोडून मला टेबलावर ठेवलं. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं की चूक माझी आहे, मी अभ्यागत म्हणजे पाहुणा समजले, रोजची माणसं मी मोजलीच नाहीत, ती एकेचाळीस आहेत. दोघंतिघं हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी रकानेसाहेबांना उभं केलं.

"तुम्ही तपासणीला गेला होतात ना? किती माणसं होती तिथे?"

साहेबांनी वही चाळली. बराच वेळ चाळली. मग म्हणाले, "मॅडम, प्रत्यक्ष किती बसलेत असा रकाना फॉर्ममध्ये नाही."

मी टेबलावर होतो. त्या टेबलाचं लाकूड चांगलं होतं, जाड होतं. मला कुणी उचलून त्या वहीवर आपटलं असतं तर मला चाललं असतं, माझ्या चारही खिडक्या फुटल्या असत्या तरी.

लेखापाल म्हणाले की वर्षाचा अहवाल एकदा सही होऊन आला की त्यातला आकडा बदलता येत नाही, आणि सही बाईंचीच आहे. त्यावर ती बेकरीतली लेक उठून उभी राहिली. तिला बोलायची परवानगी नव्हती. शिपाई पुढे आला तरी ती बोललीच. "माझे बाबा त्या चारांत नाहीत. मग मी रोज सकाळी कुणाला सोडून येते तिथे?" शिपायाने तिला खाली बसायला सांगितलं आणि ती बसली.

शेवटी तडजोड निघाली. गाडी राहिली, मदतनीस राहिले, आणि आमचं केंद्र बंद करायचं नाही, असं अध्यक्षबाईंनीच लावून धरलं. फक्त सहाऐवजी तीन दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सगळ्यांनी बाकं वाजवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, पालिकेचा समतोल निर्णय. काकू म्हणाल्या, उरलेले तीन दिवस मी बिनपगारी बसते. तर उत्तर मिळालं की हॉल पालिकेचा आहे, बंद दिवशी कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी कोण घेणार? आणि किल्ली कचेरीत जमा करून घेतली.

मित्रांनो, आठवड्याचे तीन दिवस हे तुम्हाला-मला समजतं. ज्याला वारच कळत नाही त्याला ते कसं समजणार? बंद दिवशी लेक बाबांना शेजारणीकडे ठेवून जायची. दोन आठवडे निभावलं. तिसऱ्या मंगळवारी शेजारीण धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली, आणि आजोबांचे पाय त्यांना घेऊन निघाले.

मी आत खिळ्याला लटकलेला होतो. हॉल अंधारा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. नऊच्या सुमाराला दारावर थाप पडली. मग आजोबांचा आवाज आला, "काकू, मी आलोय, उघडा." थोड्या वेळाने पुन्हा थाप. मग ते पायरीवर बसले असावेत, काठी फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. पुन्हा उठले, पुन्हा थाप. दिवसभर हेच. ऊन पायरीवर आलं तरी ते हलले नाहीत. समोरच्या चावीवाल्याने पाणी दिलं आणि घरी चला म्हणाला, तर आजोबांनी त्यालाच समजावलं की आत्ता उघडतील, काकू कधी उशीर करत नाहीत. त्यांना घर कुठे ते सांगता येईना, म्हणून चावीवाल्याने त्यांच्या डोक्यावर एक छत्री उघडून ठेवली आणि आपलं काम करत लक्ष ठेवलं. मी दारापासून चार हातांवर होतो. खटका दाबायला कुणी नव्हतं.

तिकडे, हे मी बुधवारी लेकीच्या तोंडून ऐकलं, तिने सगळा गाव पालथा घातला होता. केंद्र बंद आहे म्हणून तिथे बघायचं तिला सुचलंच नाही. संध्याकाळी साडेपाचला, रोजच्या सवयीने, तिचे पाय तिकडे वळले. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ओठ फुटले होते. तिला बघून ते उठले आणि म्हणाले, "आज काकूंनी आत घेतलंच नाही."

बुधवारी काकूंना हे कळलं. त्यांनी मला खिळ्यावरून काढून हातात घेतलं आणि त्या दारात उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या एकूण एक माणूस मोजतात. आजींना मोजतात, आजोबांना मोजतात, लघवीला बाहेर जाऊन परत आलेल्याला मात्र पुन्हा मोजत नाहीत, कारण बाई सरळ आहे. रोजचा आकडा एकेचाळीस. कधी त्रेचाळीस. तीन महिन्यांनी रकानेसाहेब अहवाल घेऊन आले. त्यात लिहिलं होतं की सोमवार, बुधवार, शुक्रवार प्रतिसाद उत्तम, म्हणजे तीन दिवस पुरेसे आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार अभ्यागत शून्य, म्हणजे त्या दिवशी मागणी नाही. आपण मोजलं नाही तर माणसं नाहीत म्हणून बंद, आणि मोजलं तर भागतंय म्हणून बंद. आणि ते शून्य, मित्रांनो, माझ्या नावावर लिहिलं आहे. मी त्या मंगळवारी नऊपासून थापा ऐकत होतो. मी शून्य म्हटलेलं नाही. मला कुणी विचारलेलं नाही.

काकूंनी पुन्हा अर्ज दिला आहे. त्यांना सांगितलं आहे की पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी विचार होईल. वाटाण्याच्या अक्षता लावायच्या तर सरळ लावाव्यात, पण तेवढंही धाडस कुणात नाही.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणीतरी त्या नव्या खुर्चीत बसेल, कुणीतरी बगलेत वही मारून तपासणीला जाईल. तेव्हा माझ्यासारख्याचा आकडा जरूर बघा, पण आकडा वाचायच्या आधी दार उघडून आत जा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. बसायला खुर्ची मिळाली नाही तर तेच लिहा. रकाना नसेल तर समासात लिहा. आणि कुणी सांगितलं की अमुक ठिकाणी शून्य माणसं आहेत, तर एवढं तरी विचारा, की त्या दिवशी दार उघडं होतं का.

मागच्या शुक्रवारी ती लेक बाबांना सोडायला आली तेव्हा लगेच पळाली नाही. काकूंजवळ उभी राहिली. शेजारीण आता नको म्हणते, त्या मंगळवारपासून तिला धास्ती बसली आहे. लेकीने बेकरीत रजा मागितली तर मालक म्हणाला, मग घरीच बस. तिने हे सगळं खाली बघत सांगितलं.

"मग काल कुठे होते बाबा?" काकूंनी विचारलं.

"घरी," ती म्हणाली. "बाहेरून कुलूप लावलं, काकू. माझ्या बापाला मी कोंडून गेले. खालच्या मजल्यावरचे म्हणतात, दिवसभर आतून दार वाजवत होते."